एकमताची मान

मंजुषा खैरनार यांचं डोकं दुखत होतं. ही बाब 'सुखसंमती सहकारी गृहनिर्माण संस्था, इंदिरानगर' या संस्थेच्या दृष्टीने दखलपात्र नव्हती. संस्थेच्या नियमांत गळतं छत, तुंबलेलं गटार आणि भाडेकरूची मांजर यांची तरतूद होती; सभासदाच्या डोक्याची नव्हती. डोकं ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता असून तिच्या देखभालीची जबाबदारी संबंधितावर राहील, असंच सगळे धरून चालले होते.

दुखणं मानेच्या मुळाशी सुरू व्हायचं, कानामागून वर चढायचं आणि उजव्या भुवईवर येऊन मुक्काम करायचं. काही वर्षं झाली, रोज संध्याकाळच्या दिवाबत्तीला ते हजर असे. मंजुषाताईंनी उपाय करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. सुंठेचा लेप झाला, चष्मा बदलून झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या. समोरच्या उज्वलाताईंनी सांगितलं, चहा सोडा. वरच्या मजल्यावरून निरोप आला, चहाने उतरतं, दोनदा घ्या. मंजुषाताईंनी दोघींनाही मान डोलावून 'हो' म्हटलं होतं, त्यामुळे त्यांनी चहा सोडला आणि दोनदा घेतला. कुणी म्हणालं, हे सगळं तुमच्या उपासांमुळे. त्यालाही त्यांनी मान डोलावली. उपास मात्र सोडला नाही, कारण तो शब्द देवाला दिलेला होता आणि देवाचा नंबर आधी लागला होता.

"कुनी काय बी सांगावं आन् हिनं मान डोलवावी," सासूबाई लंकाबाई म्हणाल्या. त्या सायखेड्याहून मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि शहरातलं एकूण एक त्यांना नापसंत होतं. "येक दिवस मान तुटून हातात येईल तुझ्या. मंग हलव, हातात धरून."

"हो, आत्याबाई," मंजुषाताई म्हणाल्या आणि त्यांनी मान डोलावली.

यजमान समाधानराव मनमाडला रेल्वेत. रोजचं अप-डाउन असल्याने ते घरी असत तेव्हा बहुधा झोपलेले असत. एका रविवारी जागे असताना त्यांनी बायकोकडे बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "तुझं डोकं खांद्यांच्या बरंच पुढे निघालंय. इंजिन पुढच्या स्टेशनात आणि डबे अजून मागच्या. कपलिंगवर ताण येणारच. मानेच्या डॉक्टरला दाखव."

त्यांनी हे सांगितलं आणि ते पुन्हा झोपले. मंजुषाताईंनी मान डोलावली होतीच, तेव्हा जाणं भाग होतं.

*

वैष्णवी डॉक्टर फिजिओथेरपिस्ट होत्या. वयाने लहान, हाताने खंबीर. त्यांनी मंजुषाताईंना भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"आता डोकं टेकवा."

"टेकवलंय की."

"नाही ताई. भिंत अजून मागे आहे."

मग त्यांना उताणं झोपवलं. हनुवटी आत घेऊन डोकं इवलंसं उचलायचं आणि तसंच धरायचं, एवढंच काम. मंजुषाताईंनी उचललं. क्षणभरात मान अशी थरथरू लागली की त्यांना वाटलं, अंगात येतंय.

"सोडा, सोडा. आतले स्नायू अशक्त झालेत. सगळं ओझं बाहेरचे ओढतायत. ते थकले की वर तक्रार जाते, आणि वर म्हणजे डोक्यात." डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं. "आता मान खाली. वर. परत खाली." त्या थबकल्या. "इतकी सुरेख वर-खाली होणारी मान मी अजून पाहिली नाही. आता डावीकडे वळवा."

मंजुषाताई वळल्या.

"खांदे नाही, फक्त मान."

"मानच वळवतेय."

"तुम्ही स्टूल वळवलंत."

उजवीकडे मात्र मान थोडी गेली. डॉक्टरांना याचं नवल वाटलं. "रोज असं काय करता, की उजवी बाजू शिल्लक राहिलीय?"

"औदुंबराला प्रदक्षिणा घालते. आमच्या सोसायटीच्या मागेच आहे. झाड उजव्या हाताला असतं ना, त्याच्याकडे बघत बघत चालते."

"मग त्या झाडाचे उपकार माना. तेवढी मान त्यानेच राखलीय. आता डावीसाठी थोड्या उलट्या प्रदक्षिणा घाला."

मंजुषाताईंनी दोन्ही कानांना हात लावले. "उलट्या नाही हो घालत कधी. देवाला डावं घालून नाही जायचं."

डॉक्टर त्यांच्या मानेकडेच पाहत होत्या. "बघा. आत्ता तुम्ही तोंडाने 'नाही' म्हणालात. मान हललीच नाही. कधीपासून हलत नाही ती?"

मंजुषाताईंनी आठवून पाहिलं. शाळेची पालक समिती, भजनी मंडळाची खजिनदारी, सोसायटीचा हळदीकुंकू विभाग, नणंदेच्या मुलीच्या लग्नातल्या रुखवताची जबाबदारी, या सगळ्यांत मान जायची ती खालीच. डावीकडे जाण्याचा प्रसंगच आला नव्हता.

"म्हणजे मी 'हो' म्हणते म्हणून माझं डोकं दुखतं?"

"तसं नाही सांगता येत. मान आखडते म्हणून डोकं दुखतं, की डोकं दुखतं म्हणून मान आखडते, यावर आमच्यात अजून एकमत नाही."

"आमच्या सोसायटीत सगळं एकमताने होतं," मंजुषाताई जरा अभिमानाने म्हणाल्या.

"मान हलती ठेवली, आतले स्नायू बळकट केले, तर बऱ्याच जणांना बरं वाटतं, एवढं नक्की. दर तासाला गजर लावा. हनुवटी आत, आणि मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे. जिथे असाल तिथे."

"पण लोकांना वाटेल, मी नाही म्हणतेय."

"ताई, सांध्याला अर्थ कळत नाही," डॉक्टर म्हणाल्या, "दिशा कळते."

घरी लंकाबाई दारातच उभ्या होत्या. "काय सांगितलं डाक्टरनी?"

"उलट्या सांगितल्या होत्या. मी नको म्हटलं."

"उलट्या? डोकं दुखायला उलट्या?" लंकाबाईंनी कपाळावर हात मारला. "लय शिकलेली दिसती बाई."

*

सुखसंमती संस्थेत मतदान मानेने होई. यामागे परंपरा होती. पूर्वी इतर संस्थांप्रमाणे इथेही हात वर केले जात. परंतु सभेत चिवडा ऐन ठरावाच्या वेळी येत असल्याने सभासदांच्या एका हातात बशी आणि दुसरा चिवड्यात अशी परिस्थिती निर्माण होई. सबब 'सभासदांचे हात कार्यव्यस्त असल्याने यापुढे मत मानेने नोंदवावे' असा ठराव मांडण्यात आला आणि तो मानेनेच मंजूर झाला. तेव्हापासून अध्यक्ष "सर्वानुमते?" असं विचारत, सगळ्या माना खाली-वर होत आणि सचिव ललित कोठावदे यांचं काम संपे. ते खरं तर आधीच संपलेलं असे. सभेचा वृत्तांत ते घरून टाइप करून आणत.

अध्यक्ष गोरक्ष आहेर कुठल्याशा महामंडळातून निवृत्त झाले होते, मात्र त्यांची भाषा अजून सेवेत होती. मूळचे सटाण्याकडचे, पण घरची बोली त्यांनी शर्टाच्या आत ठेवली होती. ती अगदीच गोंधळल्यावर बाहेर येई.

त्या रविवारच्या सभेला मंजुषाताई देवापुढे हात जोडून गेल्या होत्या, कारण विषय पत्रिकेवर छापलेला होता. हॉलमध्ये नेहमीसारखा डोक्याला लावायच्या बामचा मंद वास दरवळत होता. प्रत्येकाला तो शेजारच्याचा वाटे.

आहेरसाहेबांनी घसा साफ केला. "सभासदांमध्ये मानदुखी व डोकेदुखीचं प्रमाण वाढल्याचं निदर्शनास आलेलं आहे. आपल्या खैरनार वहिनी हे त्याचं जिवंत उदाहरण. सबब, मागील बाजूचा औदुंबर काढून त्या जागी 'नेक वेलनेस कॉर्नर' उभारण्यात यावा. फरशी, कृत्रिम हिरवळ, आरसा. शिवाय उंबरं गाड्यांवर पडतात."

शेवटचं वाक्य त्यांनी खालच्या आवाजात म्हटलं. अध्यक्षांची नवी पांढरी गाडी बरोबर औदुंबराखाली उभी असे आणि पिकली उंबरं तिच्या टपावर पडत. झाड तोडण्याच्या परवानगीच्या अर्जाला एकमताचा ठराव जोडला की पुढचं सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं होतं.

नाशकात संसार मांडल्यापासून मंजुषाताईंची सकाळ त्या झाडाभोवती सुरू होत होती. झाड गेलं तर प्रदक्षिणा कुणाभोवती घालायची? आरशाभोवती? आणि ते जायचं होतं त्यांच्याच मानेच्या भल्यासाठी. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आज नाही म्हणायचं. डॉक्टरांनीही तीच दिशा सांगितलेली.

"सर्वानुमते?" आहेरसाहेबांनी विचारलं.

माना खाली गेल्या. मंजुषाताईंच्या मनाने 'नाही' म्हटलं, परंतु त्यांची मान मनाला विचारून हलण्याची पद्धत नव्हती. हनुवटी सवयीने उतरू लागली. अर्ध्यावर आली. तेवढ्यात पर्समध्ये गजर झाला. तो त्यांनी देवळातल्या घंटेचा ठेवला होता. घंटा ऐकून त्यांना डॉक्टर आठवल्या. हनुवटी आत. मान सावकाश डावीकडे. मग उजवीकडे.

हॉलमधलं चावणं थांबलं.

"वहिनी," ललितराव म्हणाले, "हे काय केलंत?"

"व्यायाम."

"ठरावाच्या बाजूने की विरोधात?"

आहेरसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "हाई काय शे?" मग त्यांनी स्वतःला सावरलं. "म्हणजे, हा काय प्रकार आहे? हा केवळ व्यायाम होता ना?"

मंजुषाताईंनी होकारार्थी मान हलवली.

"हो म्हणाल्या," ललितरावांनी पेन टेकवलं. "म्हणजे ठरावाला हो?"

गजर पुन्हा झाला. तो बंद कसा करायचा हे मंजुषाताईंना माहीत नव्हतं. मान डावीकडे गेली, मग उजवीकडे.

"म्हणजे व्यायाम नव्हता?"

यावर त्या काहीतरी बोलल्या, परंतु त्यांचा आवाज मुळातच देवघरात पुरेल एवढा. पुढच्या रांगेत कुणीतरी नेमका चिवडा चावला आणि तो आवाज त्याखाली गेला. घरून टाइप करून आणलेल्या वृत्तांतात 'एकमताने' हा शब्द ठळक अक्षरांत होता. तो खोडावा लागू नये म्हणून सभा तहकूब झाली.

*

दुसऱ्या दिवशी दाराखालून नोटीस आली. 'आपण सभेत केलेली डावी-उजवी हालचाल ही मत होती की उपचार, याचा खुलासा डॉक्टरी दाखल्यासह सादर करावा. तोवर आपली मान सभेच्या कामापुरती स्थगित ठेवण्यात येत आहे.'

समाधानरावांनी ती गाडीला जाता जाता वाचली. "सिग्नल न देता रूळ बदललास तू," ते म्हणाले. "चौकशी होणारच."

वैष्णवी डॉक्टरांनी दाखला दिला. त्या खरं लिहिणाऱ्या होत्या. 'श्रीमती मंजुषा खैरनार यांची मान केवळ वर-खाली होते. हा दीर्घकालीन विकार असून डावी-उजवी हालचाल हा त्यावरील उपचार आहे.'

दाखला पाहून कार्यकारिणीला हायसं वाटलं. उपचार म्हणजे मत नव्हे, विषय मिटला. परंतु ललितरावांना कोणताही कागद दुसऱ्यांदा वाचण्याची वाईट खोड होती.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "डावी-उजवी हा उपचार असेल, तर वर-खाली हा आजार झाला."

"मग?"

"मग वहिनींनी आजवर जे वर-खाली केलं, ते मत नव्हतं. लक्षण होतं."

आहेरसाहेबांचा चेहरा पडला. लिफ्टची दुरुस्ती, गच्चीवरचा मोबाइलचा टॉवर, वॉचमनची बदली आणि खुद्द अध्यक्षांची बिनविरोध निवड हे सगळे ठराव एकमताने झालेले होते. त्यात एक जरी मान आजारी निघाली, तर एकमत आजारी निघणार होतं.

"त्यांची एकटीचीच मान बिघडलीय, बाकीच्या ठणठणीत आहेत," ते म्हणाले, "एवढं सिद्ध करून घ्या."

अशा रीतीने पुढच्या रविवारी संस्थेच्या आवारात 'भव्य मान तपासणी शिबिर' भरलं. फलकावर 'मान राखा, मान मिळवा' असं लिहिलेलं होतं आणि अध्यक्षांचा फोटो होता, त्यात त्यांची मान किंचित खाली गेलेली होती. वैष्णवी डॉक्टर हॉलमध्ये पडदा लावून बसल्या. प्रत्येक जण येताना "मला काही नाही, यांचंच बघा" म्हणत जोडीदाराला पुढे करी, आणि दोघंही आत जात.

दुपारपर्यंत निकाल स्पष्ट झाला. सुखसंमती संस्थेतल्या सगळ्या माना वर-खाली उत्तम होत होत्या. डावी-उजवीकडे एकही धड वळत नव्हती. डोकं सगळ्यांचंच दुखत होतं. उज्वलाताई पडद्याआडून बाहेर आल्या त्या डोळे पुसत. "मला वाटायचं, बामचा वास तुमचा येतो," त्या मंजुषाताईंना म्हणाल्या.

"मला वाटायचं, तुमचा."

वेगळा निकाल फक्त लंकाबाईंचा आला. त्यांची मान दोन्हीकडे खांद्यापर्यंत वळत होती.

"आजी, हे कसं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मेथीच्या पाट्या वाहिल्या डोक्यावर. आन् गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की नाय, नाय, नाय." त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवलं. "सून आली तवा तिला बी शिकवनार व्हते. पन ती 'हो' म्हनली आन् ऱ्हाऊन गेलं."

अध्यक्ष सर्वात शेवटी आत गेले. पडद्याबाहेर ललितराव उभे होते, पण त्यांनी जे ऐकलं ते वृत्तांतात घेतलं नाही.

"कुठे दुखतं, काका?" डॉक्टर विचारत होत्या.

शर्टाच्या आतली बोली बाहेर आली. "मनं डोकं बी दुखस, ताई. सगळी नोकरी यामाच गई. साहेब बोले, मी मान हलाऊ. आते इथला लोक मनाकडे दखीसन मान हलावतस. पन डोकं काय थांबत नही."

"साहेबांना कधी नाही म्हणालात?"

"नही," आहेरसाहेब म्हणाले. आणि डॉक्टरांनी पाहिलं, मान हलली नाही.

*

शिबिराचा निष्कर्ष असा निघाला की संस्था एकमताने आजारी आहे. यावर दोन मार्ग होते. एक, सगळ्यांनी व्यायाम करून माना बऱ्या करणं आणि मग जुने ठराव नव्याने विचारणं. दुसरा मार्ग परिपत्रकाचा होता. आहेरसाहेबांनी दुसरा निवडला, कारण पहिल्यात काय निघेल याची शाश्वती नव्हती.

'सभासदांनी मानेचे व्यायाम सभेपूर्वी उरकून घ्यावेत. सभा चालू असताना मान कोणत्याही दिशेस हलवू नये. चावण्याने मान हलत असल्याचे निदर्शनास आल्याने अल्पोपाहार सभेनंतर देण्यात येईल. स्थिर मान हा होकार समजण्यात येईल.'

वैष्णवी डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मान एका जागी धरून ठेवणं याहून वाईट काही नाही."

"फक्त सभेपुरतं," ललितरावांनी त्यांना समजावलं. "बाकी वेळ सभासद मुक्त आहेत."

आता मात्र औदुंबर वाचण्याचं काही लक्षण दिसेना. आधी तोडायला निदान मान खाली जावी लागत होती. आता काहीच न करून झाड पडणार होतं, आणि काहीच न करणं संस्थेत सगळ्यांना उत्तम जमत होतं.

मंजुषाताईंनी व्यायाम मात्र नेमाने चालवला. भुवईवरचा मुक्काम हलू लागला होता. काही संध्याकाळी तो आलाच नाही आणि दिवा लावताना त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. सभेच्या दिवशी सकाळी त्या प्रदक्षिणेला गेल्या. झाड उजवीकडे. उंबरं पिकून खाली सडा पडलेला. फेरा पुरा करताना त्यांनी आपली सहज मान डावीकडे वळवून पाहिली. ती वळली.

डाव्या हाताला कुंपणाची भिंत होती. भिंतीला लागून निळ्या प्लास्टिकखाली फरशांच्या थप्प्या रचलेल्या होत्या. प्लास्टिकवर पाला साचला होता आणि त्या पाल्यावर धूळ, म्हणजे माल येऊन बरेच दिवस झालेले. कृत्रिम हिरवळीचं भेंडोळंही होतं. एवढे दिवस मंजुषाताई त्या फरशांच्या शेजारून जात होत्या. मान तिकडे जात नसल्यामुळे त्यांना दिसल्या नव्हत्या.

घरी येऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं.

"मंग आज बोल," लंकाबाई म्हणाल्या. "का मी येऊ?"

"तुम्ही सभासद नाही, आत्याबाई."

"म्हनून तर मला बोलता येतं."

*

सभा भरली. चिवडा नव्हता. सभासद हनुवट्या आत घेऊन, माना ताठ धरून, फोटोला बसल्यासारखे बसले होते. पंखाही बंद ठेवला होता. वाऱ्याने केस हलले तर शंका नको. दाराशी वैष्णवी डॉक्टर निमंत्रित म्हणून उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे लंकाबाई, निमंत्रण नसताना.

आहेरसाहेबांनी ठराव वाचला. "मागील बाजूचा औदुंबर काढण्यात यावा. माना स्थिर आहेत. सबब सर्वानु..."

"नाही," मंजुषाताई म्हणाल्या.

आवाज नेहमीचाच होता, देवघरापुरता. पण कुणी चावत नव्हतं, कुणी हलत नव्हतं, पंखा बंद होता. परिपत्रकाने हॉलमध्ये इतकी शांतता करून ठेवली होती की तो शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"काय नाही?" आहेरसाहेबांनी विचारलं.

"झाड काढायचं नाही. आणि फरशा आधीच आल्यात, भाऊ. डावीकडे, भिंतीपाशी. मला आज दिसल्या."

हॉलला डाव्या अंगाला खिडकी होती. सगळ्या माना एकदम डावीकडे वळल्या. आधी कडकड असा आवाज झाला, पापड भाजतानाचा होतो तसा. कुणी 'आई गं' म्हणालं. निळं प्लास्टिक दिसलं. मग उत्तरासाठी सगळ्या माना वळल्या त्या उजवीकडे, जिथे अध्यक्ष बसले होते.

डावीकडे. मग उजवीकडे.

ललितरावांचं पेन वर उचललेलं होतं. स्थिर मान म्हणजे होकार, हा नियम त्यांनीच टाइप केला होता. ते काही वेळ स्वतःशी झगडले आणि मग त्यांनी लिहिलं: 'ठराव एकमताने नामंजूर.'

त्या दिवशी सभेनंतर आलेला चिवडा सभासदांनी मोठ्या आनंदाने खाल्ला. आहेरसाहेबांनी स्वतः पहिली बशी मंजुषाताईंना आणून दिली. गाडी ते उद्यापासून रस्त्यावर लावणार होते. त्यांचीही मान डावीकडे जाऊन आली होती आणि कानामागे त्यांना जरा मोकळं वाटत होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्हाले जमस. मना जवाई दर रविवारले गाडी मांगस. त्याले तुम्ही तेवढं सांगशात का, नही म्हनून?"

उज्वलाताई पुढे झाल्या. "माझ्या नणंदेलाही सांगा ना. ती येतेय महिनाभर राहायला."

"आमच्या शाळेच्या गॅदरिंगला."

"आमच्या विम्याच्या माणसाला."

अशा गोष्टी विस्कळीत ठेवणं सुखसंमतीच्या प्रथेत बसत नव्हतं. ललितरावांनी जागेवरच मसुदा केला. संस्थेत एक 'नकार कक्ष' स्थापन व्हावा. ज्या सभासदास कुणालाही नाही म्हणायचं असेल त्याने लेखी विनंती करावी. प्रत्यक्ष नाही म्हणण्याचं काम कक्षाच्या प्रमुखांनी करावं, म्हणजे बाकीच्यांच्या मानेवर ताण येणार नाही. प्रमुखपदासाठी एकच नाव होतं.

"सर्वानुमते?" आहेरसाहेबांनी विचारलं.

हॉलभर माना खाली-वर झाल्या. आज त्या नेहमीपेक्षा मोकळ्या हलत होत्या.

"वहिनी, घ्याल ना?"

दाराशी वैष्णवी डॉक्टर टाचा उंचावून पाहत होत्या. लंकाबाई जोरजोरात डावी-उजवीकडे मान हलवून खुणा करत होत्या. मंजुषाताईंनी दोघींकडे पाहिलं. अध्यक्षांकडे पाहिलं. इतकी माणसं, इतक्या आशेने. त्यांची मान वर झाली आणि खाली आली.

"येडी गं येडी," लंकाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दिवा लावताना दुखणं कानामागून वर चढलं आणि ओळखीच्या भुवईवर येऊन बसलं. मंजुषाताईंनी त्याला उदबत्ती ओवाळली नाही, एवढंच. मागे औदुंबर उभा होता, उंबरं पडत होती. दुसऱ्या दिवशीच्या प्रदक्षिणेआधी त्यांना एका जावयाला, एका नणंदेला आणि एका विमा प्रतिनिधीला भेटायचं होतं.

आता थोडं वाचकांसाठी. हा मजकूर आपण पुस्तकात वाचत असाल किंवा मोबाइलवर; दोन्ही बाबतीत आपलं डोकं आत्ता खांद्यांच्या बरंच पुढे गेलेलं आहे. ते मागे घ्यावं, हनुवटी आत. मंजुषाताईंनी नाही म्हणायला हवं होतं, हे आपल्यालाही पटलेलं आहे. पटलं असेल तर कृपया मान हलवू नका.

हलली.

ललितरावांनी नोंद घेतली आहे: वाचक, सर्वानुमते.